समृद्धीवर जुनी गाडी नेताय? किलोमीटर नाही, आधी रबराचं वय बघा

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि मुंबईजवळून नागपूरपर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तेव्हा पावसाळा तोंडावर होता. म्हणजे संपूर्ण रस्ता खुला असलेला पहिला उन्हाळा 2026 चा.

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्यातून विदर्भात गावी जाणारे अनेक जण दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेऊन निघतात. 'गाडी जेमतेम 50 हजार चाललीय, काही होत नाही,' असं म्हणतात. पण या रस्त्यावर ते खरं आहे का?

शहरात नीट चालते, मग इथं काय बिघडतं?

शहरात गाडी दर पाच मिनिटांनी थांबते, टायरला थंड व्हायला वेळ मिळतो. समृद्धीवर कारसाठी वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे, घाटाच्या भागात 100. सिग्नल नाही, गाव नाही. त्यामुळे तासन्‌तास एकच वेग राहतो. त्यात विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि रस्ता हवेपेक्षाही जास्त तापतो.

वेग 60 वरून 120 झाला, की गाडी थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

अशा वेळी जुन्या गाडीत इंजिनाआधी दगा देतं ते रबर: टायर, रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट. रबर वापरानं झिजतं, तसंच ते ऊन आणि हवेनं नुसतं उभ्या गाडीतही कडक होत जातं. म्हणून कमी चाललेली जुनी गाडी फसवते. नक्षी दिसते नवी, पण टायर असतो म्हातारा.

टायरचं वय कसं ओळखायचं?

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल, तर टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलाय. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी चांगली असली तरी बदला, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. स्टेपनीलाही हेच लागू.

नक्षीची खोली कायद्यानं किमान 1.6 मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की त्याचं काम संपलं. 2023 मध्ये परिवहन विभागानं समृद्धीवर टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, त्या याच कारणानं.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असा एक सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटायचा धोका वाढतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा आहे तेवढीच हवा, सकाळी टायर थंड असताना भरा.

ई-20 पेट्रोलचा संबंध काय?

एप्रिल 2023 पूर्वीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्या 20 टक्के इथेनॉल गृहीत धरून बनलेल्या नाहीत. काही जुन्या गाड्यांमध्ये 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंही ऑगस्ट 2025 मध्ये म्हटलं होतं. म्हणजे इथंही प्रश्न रबराचाच. मेकॅनिकला इंधनाचे पाइप बघायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल, तर निघू नका.

निघण्याआधी काय कराल?

आठवडाभर आधी गॅरेजला जा, म्हणजे काही बदलायचं निघालं तर वेळ हाताशी राहील. रेडिएटरचे पाइप दाबून बघा. फुगलेले, भेगाळलेले असतील तर बदला. कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं असेल तर काढून टाका. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर तपासून घ्या.

वाटेत तापमानाचा काटा चढला तर एसी बंद करून डाव्या कडेला थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. पार्किंग लाइट लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे न्या. अशा रस्त्यावर उभ्या गाडीला मागून धडक बसण्याचा धोका मोठा असतो.

आणि 120 ही मर्यादा आहे, सक्ती नाही. जुनी गाडी डाव्या बाजूनं 80-90 नं चालवली, तर नागपूर दोन-तीन तास उशिरा येईल. पण टायर, ब्रेक आणि इंजिन या तिघांवरचा ताण कमी होईल, आणि तेही एक रुपया खर्च न करता.