फवारणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले फवारणी करणारे मजूर, पंपासाठी पाणी वाहणाऱ्या बाया आणि कोरडवाहू शेतकरी आजपासून एकत्र येत आहोत.

२०१७ च्या पावसाळ्यात इथली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारा उंच धरावा लागे आणि औषध अंगावर येई. शेकडो माणसं दवाखान्यात दाखल झाली, २० हून अधिक दगावली. तेव्हापासून आम्ही एकच ऐकतो आहोत: मजूर अडाणी, त्यांना धोका कळत नाही.

हे आम्हाला मान्य नाही. फवारणीच्या संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं, हात थरथरतात. हे कशानं, ते घरातलं पोरही सांगतं. पण दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं तर मजुरी बुडते आणि पुढच्या वेळी बोलावणं येत नाही. एका पंपात कोणती औषधं मिसळायची, ते मजूर ठरवत नाही. बहुतेकदा शेतकरीही नाही. कर्ज डोक्यावर आणि बोंडात अळी असताना तो दुकानदार सांगेल ते घेऊन येतो. भिजलेले कपडे घरी धुणाऱ्या बाईला तर कोणी विचारतही नाही.

एक समज मात्र आपलाच आहे आणि तो आपणच सोडायचा आहे. सवय झाली की बाधत नाही, असं आपण म्हणतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे नसांचं काम नीट चालायला लागणारं द्रव्य, कमी करतात आणि ते भरून यायला आठवडे लागतात. रोज फवारणाऱ्याचं शरीर सरावत नाही, खचत जातं. शिवाय विष कातडीतूनही आत शिरतं. तोंडाला बांधलेलं फडकं भिजलं की तेच विष गालाला धरून ठेवतं.

म्हणून हंगामाआधी आणि हंगामात, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात कोलिनेस्टरेजची तपासणी हवी. मिश्रण सुचवणाऱ्या दुकानदारानं ते बिलावर लिहून सही करावी. डब्यावर लाल त्रिकोण असलेलं, अति विषारी औषध मारायला नकार देणाऱ्याला दुसरं काम मिळावं, त्याची मजुरी बुडू नये. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ नुसार राज्य सरकार विषबाधेच्या घटना कळवणं बंधनकारक करू शकतं. सरकारनं ते करावं, आणि दवाखान्यापर्यंत न पोचलेल्या त्रासाचीही दखल घ्यावी.

सरकारी वहीची वाट न पाहता आपण आपली वही उघडू. फवारणीनंतर गावात ज्याला त्रास झाला त्याचं नाव, तारीख आणि डब्यावरचं औषधाचं नाव लिहा. डबा फेकण्याआधी लिहा.