मँगनीजच्या मजुरीचा हिशेब

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातल्या मँगनीज खाणींचा विषय निघाला की जाणती माणसेही एक ठरलेले उत्तर देतात. खाणी आल्या म्हणून जंगलपट्टीतल्या गावांना रोख पैसा दिसला. मजुरी तुटपुंजी असेल, पण धानाच्या बांधीतल्या रोजीपेक्षा बरी होती. शिवाय कोळशाच्या खाणीसारखा इथे वायूचा स्फोट नाही, आग नाही. तेव्हा कायदे कोळशासाठी आधी आणि मँगनीजसाठी मागाहून झाले, तर त्यात अन्याय कसला?

रोख पैसा आला, हे खरे. बाकीचे दोन्ही मुद्दे मला मुळीच मान्य नाहीत.

आधी मजुरीचे पाहू. शेतातली रोजी माणशी आणि दिवसाची. जुन्या मँगनीज खाणीतली मजुरी बहुतेक ठिकाणी ठेकेदारामार्फत आणि कामाच्या मापावर मिळे. खडक फोडायचा, टोपल्यांनी वर आणायचा, दगडमाती निवडून टाकायची, हातोडीने खनिज साफ करायचे, मग ठरल्या मापाचा ढीग रचायचा. पैसे त्या ढिगाचे. पुरुषाने फोडलेले बाई वाहून आणी आणि निवडी. घरातली पोरे हाताशी असत. म्हणजे एका ढिगाच्या पैशात अख्ख्या घराचे श्रम असत. कठीण खडक लागला, खाणीत पावसाचे पाणी साचले, मापणाऱ्याने ढीग नापसंत केला, तर तो वेळ कुणाच्या खाती? मजुराच्याच. अशा मजुरीची एका माणसाच्या शेतरोजीशी तुलना करणे म्हणजे तिघांचे काम एकाच्या नावावर मांडणे होय. ‘बरी मजुरी’ हा निष्कर्ष या चुकीच्या मांडणीतून आलेला आहे.

आणि तीही टिकाऊ कुठे होती? ही खाण पोलादाच्या जागतिक बाजाराला बांधलेली. रशिया-जपान युद्धाच्या सुमारास, 1904-05 नंतर रशियाचा माल अडला आणि मध्य प्रांताच्या मँगनीजला तेजी आली. 1929 नंतरच्या मंदीत प्रांतातल्या खाणी एकामागून एक थंडावल्या. तेजीत ढिगाचा दर मालकाने ठरवायचा आणि मंदीत घरी मजुराने बसायचे, याला स्वखुशीचा करार म्हणता येत नाही.

आता धोक्याचे. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मज्जासंस्था बिघडते. चाल अडखळते, चेहरा निर्विकार होतो, बोलणे मंदावते. स्कॉटलंडमध्ये डॉक्टर कूपर यांनी 1837 सालीच अशा रुग्णांचे वर्णन केले होते. आपल्याकडे खाण कायद्याखाली मँगनीजची विषबाधा कळवणे बंधनकारक ठरले ते स्वातंत्र्यानंतर. स्फोट दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. ही बाधा वीस वर्षांनी माणसाच्या घरात दिसते.

पण क्षणभर धरू की धोका खरोखर कमी होता. मग कायद्यांचा क्रम काय सांगतो? कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी 1944 मध्ये वटहुकुमाने आला. तेव्हा केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. अभ्रकाच्या खाणींसाठी 1946 मध्ये. लोहखनिजासाठी 1961 मध्ये. मँगनीजसाठी 1976 मध्ये, कोळशानंतर 32 वर्षांनी. अभ्रकाच्या खाणीत वायूचे स्फोट होत होते काय? लोहखनिज तर मुख्यतः उघड्या खाणीतले. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या मूळ यादीत विडी होती, भातगिरणी होती, म्हणजे भंडाऱ्याचे दोन मोठे उद्योग होते. मँगनीज खाण नव्हती. धोक्याच्या क्रमाने ही यादी लागत नाही. माझ्या मते ती लागली सरकारच्या निकडीने. दुसऱ्या महायुद्धात कोळशावाचून रेल्वे थांबली असती, अभ्रकावाचून विजेची उपकरणे अडली असती. तुमसरच्या चिखला, डोंगरी बुजुर्ग खाणींतला मजूर मात्र रानात विखुरलेला, ठेकेदारामागे झाकलेला होता.

म्हणून माझा आग्रह त्या 1944 च्या निधीमागच्या तत्त्वाचा आहे: खाणीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक टनावर मजुराच्या आरोग्याचा, घराचा, शिक्षणाचा हक्क आहे, तो मालकाचा उपकार नव्हे. याच आंबेडकरांनी 1954 ची पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढवली आणि ते हरले. त्यांचे तत्त्व आपण हरू नये. 1962 मध्ये खाणी सरकारी वाट्याच्या कंपनीकडे आल्या आणि कायम कामगाराचे दिवस पालटले, हे मोकळेपणाने मान्य करतो. पण मँगनीजच्या निधीला पैसा पुरवणारा कल्याण उपकर आता रद्द झाला आहे आणि खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने खाणबाधितांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा त्याच मातीतून उभा राहतो आहे. त्यातला ठरीव हिस्सा आजी-माजी खाण मजुरांच्या, कंत्राटी आणि निवड करणाऱ्या बायांसकट, मज्जासंस्थेच्या नियमित तपासणीला द्यावा. ही तपासणी तुमसरलाच व्हावी, आणि तिचे कागद मजुराच्या हातात मिळावेत.