पायवाट नकाशावर कधी येणार?

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरच्या गणपतीकडे पायी निघालेल्यांची रीघ लागते. पंचवीसएक किलोमीटरची ती वाट कुणाला विचारावी लागत नाही. पुढच्याच्या मागे मागचा चालत राहतो. पण एरवी कधी भोकरदन किंवा घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या खेड्याला एकट्याने, पायी वा सायकलने निघा आणि मोबाइलवरच्या नकाशाला वाट विचारा. बहुधा तो आपल्याला मोटारींच्या हमरस्त्यावर नेऊन सोडतो. शिवारातली, गावकऱ्यांच्या रोजच्या पायाखालची जवळची वाट त्याच्या गावीही नसते.

यात यंत्राचा दोष थोडा. एड्स्गर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॉफीगृहात बसल्या बसल्या, कागद-पेन्सिलीशिवाय, सर्वांत जवळचा मार्ग काढण्याची रीत बसवली. आजचे नकाशे तिचाच वंश चालवतात. चौक म्हणजे बिंदू, रस्ता म्हणजे रेघ, प्रत्येक रेघेला अंतराचे किंवा वेळेचे वजन. सर्वांत हलकी साखळी तो आपला मार्ग. पण जी रेघ कुणी काढलीच नाही, तिचे वजन कोण करणार? गूगलने दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवण्याची सोय डिसेंबर २०१७ मध्ये आधी भारतातच आणली, पण ती मोटारसायकलवाल्यांसाठी. पायडल मारणारा राहिला मागेच.

गंमत म्हणजे ही रेघ सरकारदरबारी आहे. गाव नकाशात गाडीवाट दुहेरी आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवण्याची पद्धत जुनी. बांधावरून वाट द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने तहसीलदाराला दिला. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदाही आहे. 'महाभूनकाशा'वर घरबसल्या गटाच्या हद्दी दिसतात. पण तो नकाशा जमीन कुणाची हे पाहणाऱ्यासाठी, चालणाऱ्यासाठी नव्हे.

मग या वाटा आपणच का काढू नयेत? २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर कुणालाही रेघ काढता येते, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे तयार करण्यावरील निर्बंधही बरेच सैल केले. शाळेतली पोरे सुट्टीत हे काम करतील. तरी माझे मन थोडे कचरते. मोसंबीच्या बागेतून भाऊबंदांच्या समजुतीने चालू असलेली वाट उद्या जगाला दिसू लागली, तर शेतकऱ्याने कुणाकुणाला अडवायचे? म्हणून गाव नकाशावर नोंदलेल्या वाटाच आधी चढवाव्यात. बाकीच्या मालकाला विचारून. आणि ऋतूचीही नोंद हवी. श्रावणात आमची काळी माती सायकलच्या चाकाला धरून बसते; मग सायकलवर माणूस नव्हे, माणसाच्या खांद्यावर सायकल!

बदनापूर आणि जालना तालुक्यांत तर नवीच अडचण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या समृद्धी महामार्गावर पादचारी आणि सायकलस्वारांना मज्जाव आहे. वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर तो रास्तच. पण पलीकडच्या गावाला जायचे तर खालून जाणारा रस्ता नेमका कुठे, आणि पावसाळ्यात त्यात पाणी किती साचते, हे आज बैलजोडी घेऊन रोज त्यातून जाणारा शेतकरीच सांगू शकतो.