ढालीवरील उघडें पुस्तक

विद्यापीठांच्या मानचिन्हांत ढाल कां असावी, असें विद्यार्थी आम्हांस पुष्कळदां विचारतात. युरोपांत चिलखतानें मुख झाकलेला योद्धा रणांगणावर ओळखूं यावा म्हणून त्याच्या ढालीवर खूण रंगविण्याची चाल पडली. पुढें तीच ढाल विद्यामंदिरांनीं घेतली. केंब्रिजच्या ढालीवर क्रूस, चार सिंह व मिटलेलें पुस्तक आहे. ऑक्सफर्डच्या निळ्या ढालीवर तीन मुकुटांच्या मध्यें उघडें पुस्तक असून, परमेश्वरच आपला प्रकाश, अशा अर्थाचें लॅटिन वचन त्यावर लिहिलेलें आहे. उघड्या पुस्तकाचा अर्थ आम्हीं असा करतों कीं, ज्यास डोळे आहेत त्यानें तें वाचावें.

परंतु चिन्हाप्रमाणें आचरण होतेंच असें नाहीं. नाशिक येथें एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ सालीं त्यांनीं तेथें कायद्याची परीक्षा दिली; पदवी मात्र १९२२ सालीं हातीं आली, कारण १९२० पर्यंत तें विद्यापीठ स्त्रियांस पदवीच देत नसे. तीस वर्षें ढालीवरील पुस्तक उघडेंच होतें; या बाईंनीं तें वाचलें, एवढी कबुली मात्र कोणी दिली नाहीं.

परक्यांस हंसण्याचें आपणांस कारण नाहीं. आमच्या वीरपासून जवळच महाड आहे. तेथील नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें करण्याचा ठराव १९२४ सालीं केला. तरी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी २० मार्च १९२७ रोजीं तेथें पाणी प्याले, तोंवर तो ठराव कागदावरच होता. आणि प्याल्याबद्दल त्या अनुयायांस मार खावा लागला.

शील व सदाचार हेंच विद्येचें फळ, असें मुंबई विद्यापीठाचें बोधवाक्य सांगतें. म्हणून आमच्या मतें मानचिन्ह हें भूषण नव्हे, तें जाहीर वचन आहे. आणि वचन देणारास जाब विचारण्याचा अधिकार सर्वांस आहे.

विद्यार्थिमित्रहो, शाळेचें चिन्ह तुम्ही छातीवर लावतां. ज्याच्याजवळ पुस्तक नाहीं, ज्याच्या शेजारीं बसण्यास कोणी राजी नाहीं, त्या सोबत्यापुढें आपलें पुस्तक सरकवा. आम्हां शिक्षकांसही हाच नियम लागू आहे. चिन्हाचा अर्थ त्या मुलास तेव्हां कळेल, आणि आपणांसही.