जुने रंधे, जुन्या करवती आणि हरवलेल्या निष्ठेची भाकडकथा

१/ जुन्या अमेरिकी हत्यारांच्या संग्राहकांत एक समज घट्ट रुजला आहे. पूर्वीची माणसे निष्ठेने राबत, म्हणून स्टॅन्लेचा रंधा आणि डिस्टनची करवत शतकभर टिकली. आजच्या कामगारांत ती निष्ठा उरली नाही. हा इतिहास नव्हे, गतकाळाचे गोडवे आहेत. #थ्रेड

२/ ही हत्यारे हाताने वापरण्यासाठी होती. ती निघत मात्र कारखान्यातून. इंग्लंडहून आलेल्या हेन्री डिस्टनने १८४० मध्ये फिलाडेल्फियात करवतींचा धंदा मांडला. पुढे टॅकोनी येथे त्या कारखान्याभोवती कामगारांची अख्खी वसाहत उभी राहिली.

३/ लिओनार्ड बेलीची रंध्यांची पेटंटे स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतली. जुन्या लाकडी रंध्यात पाचर ठोकून पाते बसवावे लागे. बेलीच्या बिडाच्या रंध्यात पितळी चक्री फिरवली की पाते केसभर सरकते. आज ज्याला हस्तकौशल्याचे शिखर मानतात, त्या हत्यारानेच सुताराच्या कौशल्याचा एक भाग यंत्रणेकडे सोपवला होता.

४/ मग दर्जा आला कोठून? गिऱ्हाइकाकडून. सुतार बहुधा पदरच्या पैशाने हत्यारे घेई. रंधा अडला की त्याची मजुरी बुडे. अशा जाणत्या गिऱ्हाइकाला कच्चा माल फार काळ विकता येत नाही.

५/ त्याच 'सोनेरी' काळात स्टॅन्ले 'डिफायन्स' या नावाने स्वस्तातला मालही विकत होती. कंपनी एकच, किंमत वेगळी, म्हणून दर्जा वेगळा.

६/ दुसऱ्या महायुद्धातील स्टॅन्लेच्या अनेक रंध्यांवर पितळेऐवजी कठीण रबराची चक्री दिसते. निष्ठा काही एकाएकी आटली नव्हती. पितळ युद्धाला हवे होते.

७/ युद्धानंतर गिऱ्हाईकच बदलले. १९४६ मध्ये ब्लॅक अँड डेकरने घरगुती वापरासाठी विजेचे ड्रिल बाजारात आणले. विजेच्या यंत्रांनी सुताराच्या पेटीतील जागा व्यापली आणि हातरंधा वर्षातून दोनदा लागणारी घरगुती वस्तू ठरला. तेथे धारेपेक्षा किंमत महत्त्वाची. १९५५ मध्ये डिस्टन कुटुंबाचा कारखानाही विकला गेला.

८/ कौशल्य लोपले म्हणावे, तर १९८१ मध्ये मेन राज्यात सुरू झालेली ली-निल्सन कंपनी स्टॅन्लेच्याच जुन्या घाटांवरून उत्तम रंधे घडवते. ते महाग असतात, आणि दाम मोजणारे गिऱ्हाईक असल्यामुळेच घडतात.

९/ म्हणून हा वाद केवळ हौसेचा नाही. स्वस्त माल काढण्याचा निर्णय कारखान्याच्या मालकाने घ्यावा, बाजाराने तो उचलून धरावा आणि ठपका मात्र कामगाराच्या चारित्र्यावर यावा, हे या भाकडकथेचे खरे काम आहे. जुना रंधा जरूर घ्यावा, गंज काढावा, पात्याला धार लावून लाकडावर चालवावा. त्याला काचेच्या कपाटात बसवून त्याच्या आडून आजच्या श्रमिकाला हिणवू नये.