खांद्याचे दुखणे आणि दोन देशांच्या गोळ्या

फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डायक्लोफेनॅकचे एक टक्क्याचे जेल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी दिली. संधिवाताच्या रुग्णांची त्यामुळे सोय झाली. परंतु त्याच्या वेष्टनावरील यादी लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. तीत हात, मनगट, कोपर, गुडघा, घोटा आणि पाऊल आहे, खांदा नाही. तो सांधा स्नायूंच्या जाड थराखाली खोल असतो आणि तेथील परिणामाची या जेलसाठी तपासणी झालेली नाही.

साहजिकच रुग्ण गोळ्यांकडे वळतात आणि तेथे प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत. हृदयविकाराचा धोका लक्षात घेऊन ब्रिटनने जानेवारी २०१५ मध्ये डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची चिठ्ठीविना विक्री थांबवली. त्याच वर्षी अमेरिकेने या वर्गातील वेदनाशामकांवरील इशारा अधिक कडक केला : हा धोका सेवनाच्या पहिल्या काही आठवड्यांतही उद्भवू शकतो. भारतात सर्रास घेतल्या जाणाऱ्या एसेक्लोफेनॅकला तर अमेरिकेत मंजुरीच नाही.

मायदेशाहून परतणाऱ्यांच्या सामानात मात्र एसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल यांची संयुक्त गोळी असते. खरा धोका येथे सुरू होतो. अमेरिकेतील टायलेनॉलमध्ये असलेले एसिटॅमिनोफेन म्हणजेच पॅरासिटामॉल. दोन्ही घेतल्यास मात्रा नकळत वाढते आणि यकृतावर ताण येतो. जोडीला इबुप्रोफेन घेतल्यास जठर व मूत्रपिंड संकटात सापडतात. रक्तदाबाच्या काही औषधांसोबत हा धोका आणखी वाढतो. रुग्णाने स्वतः सांगितल्याखेरीज परदेशातील डॉक्टरांना यातले काहीच कळत नाही.

निदानाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मधुमेहींमध्ये अधिक आढळणारा जखडलेला खांदा म्हणजे झिजेचा संधिवात नव्हे. दोन्हींत कधीकधी दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन रक्तातील साखर काही दिवस वाढवू शकते, हे मधुमेहींनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही. गोळ्या वेदना कमी करतात आणि व्यायामाला वाव देतात. त्यांचे काम इतकेच. म्हणून कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस हे सूत्र पाळावे आणि दोन्ही देशांत घेतलेल्या औषधांची मूळ नावांसह एकच यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. मायदेशातील औषध वाईट नाही. ते लपून राहणे घातक आहे.