बर्लिन ते म्युनिक: वाटेत काय काय ‘होईल’?

आपण गाव पाहत नाही, गाव ‘करतो’. न्यूरेंबर्ग केलं, रोटेनबुर्ग केलं, बांबेर्ग तेवढं राहिलं. बर्लिनहून म्युनिकला गाडीनं निघालेल्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्नही तोच असतो: वाटेत काय काय होईल? पुण्याहून आई-बाबा आलेले असतात, गाडी भाड्याची असते, ती संध्याकाळी म्युनिकला परत द्यायची असते आणि मुलानं आदल्या रात्री मोबाइलवर पाच ठिकाणांची यादी करून ठेवलेली असते. माझं म्हणणं, त्यातली तीन सरळ खोडा. उरलेली दोनही बहुधा चुकीचीच निवडली आहेत.

आधी हिशेब. अंतर सुमारे 585 किलोमीटर, महामार्ग ए-9, न थांबता सहा तास. ऑटोबानवर वेगाला मर्यादा नाही असं ऐकून आलेल्यांना रस्त्याची कामं आणि ट्रकांची रांग लवकरच जमिनीवर आणते. (रविवारी रात्री दहापर्यंत ट्रकांना बंदी असते, तो दिवस त्यातल्या त्यात बरा.) एका गावात थांबायचं म्हणजे महामार्ग सोडा, पार्किंग शोधा, मशीनसाठी सुटे पैसे शोधा, बाबांसाठी स्वच्छतागृह शोधा, मग मुख्य चौकापर्यंत चाला. काही दिसायच्या आतच पाऊण तास जातो. पाच ठिकाणं धरली तर जवळजवळ चार तास नुसते या शोधाशोधीचे. डिसेंबर असेल तर चारच्या सुमारास अंधारच पडतो.

यादीतलं लाडकं नाव रोटेनबुर्ग. ते ए-9 वर नाहीच. न्यूरेंबर्गहून ते पश्चिमेला 80 किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे जाऊन मग म्युनिक गाठायचं तर साधारण 150 किलोमीटरचा वळसा पडतो. लोक तिथे मध्ययुग बघायला जातात. गाव देखणं आहे, त्यात वाद नाही. पण 31 मार्च 1945 रोजी अमेरिकी बॉम्बहल्ल्यात त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर तो जुन्या रूपात पुन्हा बांधला गेला. म्हणजे ‘बापरे, किती जुनं’ म्हणत आपण ज्या घरासमोर सेल्फी काढतो, ते आपल्या आजोबांपेक्षा तरुण असू शकतं. एखाद्या गावानं हट्टानं पुन्हा स्वतःसारखं होणं ही गोष्ट खरं तर फार रंजक आहे. पण पाऊण तासात ती ऐकायला कुणाला फुरसत असते? फोटो होतो आणि गाव ‘झालं’ म्हणून खोडलं जातं.

आणि ज्या रस्त्यावरून आपण चाललो आहोत, त्याचं काय? या ए-9 च्या मधोमध एकेकाळी देशाची सीमा होती. थुरिंगिया आणि बव्हेरियाच्या हद्दीवर झाले नदीवर एक पूल लागतो. तो 1945 मध्ये युद्धाच्या शेवटी उडवला गेला आणि थेट 1966 मध्ये वाहतुकीला पुन्हा खुला झाला. इतकी वर्षं दोन जर्मनींमधल्या या महामार्गावर पूलच नव्हता. आज आपण तो ताशी 130 च्या वेगानं काही सेकंदांत ओलांडतो आणि मागच्या सीटवर कुणीतरी चिवड्याची पिशवी फोडत असतं.

त्या पुलापासून थोड्याच अंतरावर म्योडलारॉयट आहे. वस्ती पन्नासेक माणसांची. गावामधून टानबाख नावाचा ओढा जातो, उडी मारून ओलांडता येईल एवढाच. युद्धानंतर ओढ्याच्या एका काठाला अमेरिकी क्षेत्र आलं, दुसऱ्या काठाला सोव्हिएत. पुढे आधी कुंपण आलं आणि 1966 मध्ये चक्क काँक्रीटची भिंत. एवढ्याशा खेड्याला बर्लिनसारखी भिंत! पूर्वेकडच्या माणसानं पलीकडच्या शेजाऱ्याला हात करायलाही मनाई होती. 9 डिसेंबर 1989 रोजी पायी जाण्यापुरती वाट उघडली. भिंतीचा एक तुकडा आणि टेहळणीचा मनोरा आता संग्रहालय म्हणून जपले आहेत. गाव आजही दोन राज्यांत आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा वेगळ्या आणि एकमेकांना नमस्कार करायचे शब्दही वेगळे. इथे आइस्क्रीमची रांग नाही, लोहचुंबकाची दुकानं नाहीत. यादीत नाव नसण्याचं कारण बहुधा तेच.

अलीकडे, बर्लिनहून निघाल्यावर तास-दीड तासात डेसाऊ लागतं. वास्तुकला शिकणारी मुलं 1926 ची बाउहाउसची इमारत बघायला तिथे थांबतात, बाकीचे पुढे जातात. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात धापा टाकत ‘देर, दी, दास’ पाठ केलेले लोकही पुढे जातात. तो मॅक्सम्युलर याच डेसाऊत 1823 साली जन्मला. ऋग्वेदावर आयुष्य घालवलेला हा माणूस भारतात कधीच आला नाही. आपण मात्र त्याच्या गावाला वळसा घालून दुसऱ्यांनी सांगितलेलं गाव बघायला धावतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आई-बाबा सुट्टीवर आलेत, त्यांना कुंपणं आणि मनोरे कशाला दाखवायचे? त्यांना छान काहीतरी दाखवू. हे मला पटत नाही. बर्लिनची भिंत पडल्याची बातमी पेपरात वाचणारी, दूरदर्शनवर बघणारी पिढी त्यांची आहे. यादी करणारा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. गाडीतल्या चौघांपैकी या जागेशी ओळख असलीच तर ती मागच्या सीटवरच्या दोघांची, आणि ठिकाणं निवडताना त्यांनाच कुणी विचारत नाही. दुसरा मुद्दा पैशांचा. व्हिसा, तिकिटं, एवढा खर्च, पुन्हा येणं होणार नाही. खरं आहे. पण पुन्हा येणं होणार नसेल तर गुडघे दुखणाऱ्या बाईला दिवसातून पाच वेळा गाडीतून उतरवणं हा त्या खर्चाचा कुठला मोबदला? तिला रात्री म्युनिकच्या हॉटेलात विचारा, सकाळचं पहिलं गाव कुठलं होतं. फोनमध्ये बघून सांगेल.

सकाळी आठला निघालात तर दुपारी बाराच्या आसपास म्योडलारॉयटला पोचाल. दोन तास ठेवा. ओढ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर सावकाश चालत जा आणि बाबांना विचारा, भिंत पडली तेव्हा तुम्ही काय करत होतात. दुसरा थांबा भूक लागेल तिथे. न्यूरेंबर्गला पावात तीन छोटी सॉसेज घालून देतात. शाकाहारी असाल तर प्रेट्झेल आहेच, आणि चिवडा उरला असेल तर तोही.